सातपुड्याच्या दगडमातीवरचे लेख कसे लावून ठेवायचे

आमचं गाव अचलपूर तालुक्यात, गाविलगडच्या डोंगराखाली. गच्चीवर उभं राहून उत्तरेकडं पाह्यलं का डोंगर भिंतीसारखा सरळ उठलेला दिसते आणि दक्षिणेकडं पाह्यलं का पार पूर्णेपर्यंत सपाट रान. गावच्या वाचनालयात मी गेली नऊ वर्षं या डोंगराच्या भूशास्त्रावरचं जे जे सापडते ते गोळा करून राह्यले, छापील लेख, झेरॉक्स, नकाशे, सरकारी रिपोर्ट, फोनमधल्या पीडीएफ, आता हे सगळं दोनशेच्या वर गेलं. वाचायला येतात ते बीएस्सीला जिऑलॉजी घेतलेले पोट्टे, एमपीएससीवाले, आणि सगळ्यात जास्त संत्रावाले शेतकरी, ज्यांना बोअर मारायच्या आधी जाणून घ्यायचं असते का खाली काय आहे. आसपासच्या दोन गावांच्या वाचनालयांनी विचारलं का ताई हे लावलं कसं, म्हणून सविस्तर लिहिते. मेळघाटातलं वाचनालय असो का वरूड-मोर्शीकडचं, पद्धत हीच चालेल.

लेख वर्षानुसार किंवा लेखकाच्या नावानं लावू नका, हे आधीच सांगते, कारण मी पहिली तीन वर्षं तसंच केलं होतं. एक दिवस एक काका आले, म्हणे, "पोरी, माह्या वावरात इहिरीले गोडं पाणी अन् तिकडं दोन कोसावर खारं, हे काहून? काही लिहेलं असन त दे." त्या एका प्रश्नासाठी मला अकरा फायली उघडाव्या लागल्या, उत्तर चार लेखांत वाटलेलं होतं आणि ते चारही वेगवेगळ्या वर्षांचे, म्हणजे वेगवेगळ्या कपाटात. काका दीड तास बाकावर बसून राह्यले. त्या दिवशी ठरवलं का लेख कधी छापला हे पाहून तो ठेवायचा नाही, तो कोणत्या थरावर बोलते ते पाहून ठेवायचा. डोंगर स्वतःच रचलेला आहे ना, खाली जुनं आणि वर नवीन, तर कपाट पण तसंच रचायचं.

पण थर लावायच्या आधी एक घोळ सोडवावा लागते, तो म्हणजे 'सातपुडा' हा शब्दच. भूशास्त्राच्या लेखांत हा शब्द तीन वेगळ्या अर्थानं येते आणि शीर्षक पाहून लेख ठेवला तर हमखास चुकीच्या जागी जाते. एक अर्थ आपल्याला माहीत असलेला, नर्मदा आणि तापीच्या मधातली डोंगररांग, जी पश्चिमेला गुजरातच्या बाजूनं सुरू होऊन महाराष्ट्र-मध्य प्रदेशच्या सीमेनं जाते आणि पूर्वेला मैकल डोंगरात अमरकंटकपर्यंत पोचते. दुसरा अर्थ सातपुडा गोंडवाना खोरं, म्हणजे पचमढी, छिंदवाडा, बैतूल भागातले वाळूचे दगड आणि कोळसा, कितीतरी कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेला गाळ. तिसरा अर्थ सातपुडा पट्टा किंवा सातपुडा ओरोजेनी (ओरोजेनी म्हणजे डोंगर घडण्याची क्रिया), हे तर शंभर कोटी वर्षांच्या आसपासचं आणि त्याहून जुनं प्रकरण, त्यात सौसर गटाचे खडक येतात, ज्यात आपल्या नागपूर-भंडारा आणि तिकडं बालाघाटचं मँगनीज आहे. आता 'सातपुड्याची रचना' असं शीर्षक असलेला लेख हातात आला तर तो तिन्हीपैकी कशावरही असू शकते. म्हणून माझा नियम असा का शीर्षक वाचून ठेवायचंच नाही, आतला नकाशा पाहायचा आणि खडकांची नावं पाहायची. बेसॉल्ट (थिजलेल्या लाव्ह्याचा काळा दगड), फ्लो (लाव्ह्याचा एक थर), ट्रॅप असे शब्द असले तर रांगेच्या वरच्या थराचा लेख, सँडस्टोन, बराकर, पचमढी, देनवा असे असले तर खोऱ्याचा, आणि नाईस, शिस्ट (उष्णतेनं-दाबानं बदललेले जुने खडक), मँगनीज, सौसर असे दिसले तर सगळ्यात खालचा. पाच मिनिटं लागतात पण नंतरचे कितीतरी तास वाचतात.

कपाट आमचं लोखंडी, पाच खणांचं. सगळ्यात खालच्या खणात सगळ्यात जुने खडक, ग्रॅनाईट, नाईस, सौसर गट, बैतूलकडचा जुना पट्टा. मँगनीजवरचं भूशास्त्रज्ञ एल. एल. फर्मोर यांचं १९०९ सालचं मोठं काम याच खणात आहे, म्हणजे त्यातल्या नागपूर भागाची झेरॉक्स, पूर्ण ग्रंथ लय जाड आहे.

त्याच्या वर गोंडवाना. हा खण भरगच्च आहे आणि याच्या आत अजून पोटभाग करावे लागले, खालून वर तालचीर, बराकर, मोतूर, बिजोरी, पचमढी, देनवा, बागरा असा क्रम आहे आणि मी तो क्रम खणाच्या आतल्या बाजूला पट्टी चिकटवून लिहून ठेवला, कारण लेख परत ठेवणारा माणूस दरवेळी मीच असते असं नाही. याच खणापाशी एक गोष्ट पोट्ट्यांना आवर्जून सांगते, सातपुडा म्हणजे सगळा काळा दगड असं आपल्याकडं सगळ्यांना वाटते कारण आपण चिखलदऱ्याला जातो आणि तिथं वैराटपर्यंत सगळा बेसॉल्टच दिसते, पण अख्ख्या रांगेतलं सगळ्यात उंच शिखर पचमढीजवळचं धूपगड, १३५० मीटर, ते वाळूच्या दगडाचं आहे. म्हणून 'सातपुड्याची शिखरं' असा वेगळा खण करू नका, त्यात दोन वेगळे थर मिसळून जातात.

मधल्या खणात लॅमेटा. थर पातळ आहे आणि लेखही त्यामानानं थोडे, पण मागणी मोठी कारण डायनासोर. लॅमेटा हे नाव जबलपूरजवळच्या लॅमेटा घाटावरून पडलं, आणि आपल्या विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला याच थरात एका मोठ्या डायनासोरची हाडं सापडली.

चौथ्या खणात डेक्कन ट्रॅप, म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा, जो आज पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे. दोन लाव्ह्यांच्या मधात जे तळ्याचे, दलदलीचे थर सापडतात, इंटरट्रॅपियन म्हणतात त्यांना, ते याच खणात पण वेगळ्या निळ्या फायलीत, कारण त्यात झाडांचे आणि गोगलगाईंचे जीवाश्म असतात आणि ते मागणारे लोक वेगळे. छिंदवाड्याच्या मोहगाव कलानचे झाडांचे जीवाश्म, ज्यांच्यावर वनस्पतींच्या जीवाश्मांचे शास्त्रज्ञ बिरबल साहनींनी काम केलं, ते या निळ्या फायलीत. नागपूरच्या टाकळीचे, जे स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले, ते पण इथंच. हिस्लॉप मिशनरी होते, १८४५ ला नागपुरात आले आणि १८५५ ला रॉबर्ट हंटर यांच्यासोबत नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर आणि जीवाश्मांवर लंडनच्या जर्नलमध्ये लेख छापला. विदर्भातल्या माणसानं हा लेख एकदा तरी हातात घ्यावा असं मला मनापासून वाटते.

सगळ्यात वरच्या खणात गाळ, पूर्णेचा, तापीचा. काळी माती, बरड, डोंगराच्या पायथ्याचा गोट्यांचा पट्टा, आणि खारपाणपट्टा.

आणि मंग जे थरात बसत नाही ते कपाटाच्या बाजूच्या रॅकवर, तिथं तीनच गोष्टी. एक भेगा आणि भूकंप, कारण भेग सगळे थर कापत जाते, तिला एका खणात कोंबता येत नाही. गाविलगडच्या दक्षिण पायथ्याची मोठी भेग, सोन-नर्मदा-तापी पट्टा, २२ मे १९९७ चा जबलपूरचा ५.८ चा भूकंप, त्याच्या आधी १४ मार्च १९३८ चा सातपुड्याचा, हे सगळं तिथं. दुसरं नकाशे. तिसरं पाणी, त्याच्यावर पुढं बोलते.

आता खरी अडचण. एक लेख दोन-तीन खणांचा असला तर काय करायचं? याचं उत्तर मला सालबर्डीनं शिकवलं. सालबर्डी मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवर, महाशिवरात्रीला जिथं लोक भुयारातल्या महादेवाला जातात आणि जिथं गरम पाण्याचा झरा आहे. तिथं पायी फिरता फिरता जुने ग्रॅनाईटसारखे खडक, त्याच्यावर गोंडवानाचे वाळूचे दगड, लॅमेटा आणि वर ट्रॅप, सगळं एका परिसरात पाहायला भेटते, कारण भेगेनं खालचे थर वर आणून उघडे पाडले. तर सालबर्डीवरचा लेख कोणत्या खणात? मी आधी चार झेरॉक्स काढून चारही खणांत ठेवल्या आणि ते चुकलं, कागद दुप्पट झाले आणि कोणी एका प्रतीवर पेन्सिलनं दुरुस्ती लिहिली तर ती बाकी तिघींवर नाही. मंग असं केलं का मूळ लेख ज्या थरावर सगळ्यात जास्त पानं खर्च करते त्या खणात, आणि बाकीच्या खणांत फक्त एक पुठ्ठ्याची चिठ्ठी, 'सालबर्डी, पाहा खण ३, फाईल ७', इतकंच. लग्नपत्रिकेचे पुठ्ठे यासाठी एकदम चांगले, जाड असतात आणि फुकट भेटतात. बहिरम-बेलखेडच्या भागावरच्या लेखांचं पण हेच केलं, तिथं पण ट्रॅपच्या खालचे थर उघडे आहेत. बहिरमच्या यात्रेला आपण सगळे जातो, हंडीचं मटण खाऊन येतो, पण तिथल्या टेकड्यांवर भूशास्त्राचे लेख आहेत हे चिठ्ठी लावली तेव्हा गावातल्या लोकांना कळलं, आणि आता यात्रेच्या दिवसांत ती फाईल सारखी बाहेर असते.

चिठ्ठ्यांइतकंच महत्त्वाचं आहे नावांचं रजिस्टर. हे जर केलं नाही तर जुने लेख तुमच्याजवळ असून नसल्यासारखे. इंग्रजांच्या काळच्या लेखांत तापी म्हणजे 'टॅप्टी', नर्मदा म्हणजे 'नरबुड्डा', अचलपूर म्हणजे 'एलिचपूर', वऱ्हाड म्हणजे 'बेरार', आणि गाविलगडचं तर पाच-सहा तऱ्हेचं स्पेलिंग आहे, शेवटी कुठं 'गड', कुठं 'गढ', कुठं 'घर'. फोनमध्ये आजचं स्पेलिंग टाकून सर्च केलं तर १८६९ चा इंग्रज भूशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांचा तापी आणि खालच्या नर्मदा खोऱ्याचा मोठा अहवाल दिसतच नाही, जो या भागातला सगळा अभ्यास जिथून सुरू करावा असा आहे. मी एक दोनशे पानी वही केली, डाव्या पानावर आजचं मराठी नाव आणि उजव्या पानावर लेखांत दिसलेली सगळी स्पेलिंगं जशीच्या तशी, नवीन दिसलं का भर टाकायची. थरांच्या नावांचं पण तेच, जुन्या लेखांत 'महादेव सिरीज' म्हणून जे येते त्याच्यात आज आपण वेगवेगळे सांगतो असे पचमढी, देनवा, बागरा थर असतात. गावांची आणि थरांची वही मात्र वेगवेगळी ठेवा, एकत्र केली तर सापडत नाही.

जागा सांगायची अजून एक पक्की पद्धत म्हणजे टोपोशीटचा, म्हणजे सरकारी स्थळनकाशाच्या पानाचा नंबर. गावाचं स्पेलिंग बदलते, जिल्हा बदलते, तालुका तुटते, पण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीटचा नंबर तोच राहते. चिखलदरा ५५ जी/७ मध्ये येते, नागपूर ५५ ओ मध्ये. बहुतेक भूशास्त्राच्या लेखांत पहिल्या-दुसऱ्या पानावर हा नंबर दिलेला असते, तो शोधायचा आणि फाईलच्या कोपऱ्यावर लाल पेननं लिहायचा. लेखात नसला तर अक्षांश-रेखांशावरून काढता येते. आता नवीन ओपन सिरीजच्या शीटचे नंबर वेगळे आहेत, म्हणून जुना का नवा हे पण सोबत लिहा.

जुने लेख आणि नवे लेख यांचं काय करायचं यावर आमच्याकडं वाद झाला होता, कमिटीतल्या एका दादांचं म्हणणं का जे चुकीचं ठरलं ते काढून टाका, पोट्टे परीक्षेत चुकीचं लिहितील. मी काढू दिलं नाही, आणि आजही माझं मत तेच आहे. जुना लेख काढायचा नसते, त्याच्यावर खूण करायची असते. बघा ना, १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी ओडिशातल्या तालचीरला गोट्यांचा थर पाहून म्हटलं का हे बर्फानं आणलेलं आहे. उन्हानं तापणाऱ्या भारतात बर्फ, आणि तेव्हा खंड सरकतात ही कल्पना पण नव्हती, तरी ते बरोबर निघालं. तोच तालचीर थर आपल्या सातपुड्याच्या खोऱ्याच्या तळाशी आहे. म्हणजे जुनं म्हणजे चूक असं नसते. पण त्याच काळच्या लेखांत डोंगर का उठला याची जी कारणं दिली ती प्लेट टेक्टॉनिक्सच्या, म्हणजे जमिनीचे मोठे तुकडे सरकतात या सिद्धांताच्या आधीची आहेत, ती आज तशीच्या तशी घेता येत नाहीत. म्हणून आमच्याकडं दोन रंग आहेत. पिवळी पट्टी म्हणजे 'पाहिलेलं', यातलं वर्णन, जागा, थरांची जाडी आजही कामाची. गुलाबी पट्टी म्हणजे 'मत बदललं', आणि पट्टीवरच लिहायचं का नवीन मत कोणत्या फाईलीत आहे. एकाच लेखावर दोन्ही पट्ट्या असू शकतात, आणि जुन्या लेखांवर बहुधा असतातच. नाव बदललं तरी गुलाबी पट्टी, जसं डोंगरगावच्या त्या डायनासोरला १९९७ मध्ये टायटॅनोसॉरस कोल्बर्टी नाव दिलं आणि २००३ मध्ये ते इसिसॉरस झालं, दोन्ही लेख आमच्याजवळ शेजारी-शेजारी आहेत आणि पट्टीनं एकमेकांकडं बोट दाखवतात.

आता पाणी. हा रॅक सगळ्यात जास्त वापरला जाते, म्हणून दारापाशी ठेवला. केंद्रीय भूजल मंडळाचे जिल्ह्याचे रिपोर्ट आणि राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माहिती इथं, पण जिल्ह्यानुसार नाही लावली, पट्ट्यानुसार लावली, डोंगरावरचा बेसॉल्ट, पायथ्याचा बझाडा म्हणजे गोट्यांचा-वाळूचा पट्टा, आणि त्याच्या खालचा पूर्णेचा गाळ. कारण त्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. डोंगराच्या दक्षिणेला भेगेपाशी जमीन खाली बसली आणि तिथं शेकडो मीटर गाळ साचला, पायथ्याशी मोठे गोटे आणि वाळू, तिथं डोंगराचं पाणी मुरते आणि गोडं राहते, पुढं पूर्णेकडं बारीक चिकण गाळ लागते आणि तिथून अमरावती, अकोला, बुलडाण्याचा खारपाणपट्टा सुरू होते. आता कोणी विचारलं तर मी तीन फायली एकावर एक ठेवून देते, वरून खाली वाचलं का डोंगर उतरून पूर्णेवर गेल्यासारखं होते.

याच रॅकवर एक हिरवी वही आहे, ती छापील नाही, गावची आहे. बोअर मारली का किती फुटावर मुरूम, किती फुटावर कडक काळा, कुठं लाल गेरूचा पट्टा लागला, कुठं मांजऱ्या म्हणजे छिद्राछिद्रांचा दगड आला, पाणी कितीवर आणि चव कशी, हे गाडीवाल्याला तिथंच विचारून शेतकऱ्यानं लिहायचं. लाल पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधातली जुनी भाजलेली माती, त्यावरून फ्लो कुठं संपला ते समजते, म्हणून ती ओळ चुकवू नका. पण ही वही आणि छापील लेख एका फाईलीत कधीच ठेवू नका. छापील लेख कोणीतरी तपासलेला असते, आपली नोंद ऐकीव असू शकते, वाचणाऱ्याला दोन्हीतला फरक हातात घेताच दिसला पाहिजे. गट नंबर लिहा, शेतकऱ्याचं नाव नका लिहू, पाण्यावरून भावकीत भांडणं होतात.

फोन आणि कॉम्प्युटरचं थोडक्यात. पीडीएफ डाऊनलोड झाली का लगेच नाव बदला, नंतर करू म्हटलं तर 'डॉक्युमेंट ३' नावाच्या चाळीस फायली होतात. नाव असं, आधी वर्ष, मंग लेखक, मंग जागा, मंग खण नंबर. '१८६९ ब्लॅनफर्ड तापी-नर्मदा खण४'. ड्राईव्हवरचे फोल्डर पण कपाटासारखेच, तेच पाच आणि तेच तीन, वेगळी रचना केली तर दोन्ही विसरायला होते. नकाशांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश पोर्टल आहे, तिथून भूशास्त्रीय नकाशे फुकट पाहता येतात. नागपूरहून निघणारं गोंडवाना जिऑलॉजिकल मॅगझीन (आता त्याचं नाव जर्नल ऑफ जिओसायन्सेस रिसर्च झालं) आपल्या भागासाठी फार कामाचं, त्याच्या अंकांच्या अनुक्रमणिका वेगळ्या काढून ठेवा, लेख नसला तरी कुठं आहे ते तरी कळते. विकतच्या जर्नलचे लेख ग्रुपवर टाकत फिरू नका, वाचनालयात बसून वाचू द्या.

कागद वाचवायचे असतील तर भिंतीपासून चार बोटं कपाट लांब ठेवा. २०१९ च्या पावसाळ्यात उधईनं लाकडी रॅकवरचे माझे एकोणीस लेख खाल्ले, त्यातले सहा परत कुठं भेटले नाहीत. आता लोखंडी कपाट, पाय पाण्याच्या वाट्यांत, कडुलिंबाचा वाळलेला पाला दर खणात, आणि आखाजीच्या आधी एकदा सगळं उन्हं कमी असताना बाहेर काढून झटकायचं. नवीन आलेला कागद आधी फोननं स्कॅन, मंगच कपाटात.

आणि एक उघडा खोका ठेवा, त्यावर 'ठरलं नाही' लिहा. ज्याची जागा समजत नाही त्या लेखाला जबरदस्तीनं खणात घालू नका, या खोक्यात टाका आणि दिवाळीच्या सुट्टीत बाहेर शिकायला गेलेले पोट्टे गावात आले का त्यांच्यासमोर तो खोका उलटा करा, जिऑलॉजीवाले दोन-तीन तरी असतात. मागच्या दिवाळीत त्यात चौदा कागद होते, अकरा लागले, तीन परत खोक्यात गेले, त्यातला एक मुक्तागिरीच्या धबधब्याच्या कड्यावरचा आहे आणि त्याच्यात नकाशाचं पान फाटलेलं आहे, कोणाजवळ पूर्ण प्रत असली तर झेरॉक्सचे पैसे मी देते.